कपाळावरची वीज – 6 : खोटा करंट

मानेतल्या व्हेगस नसेबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मधेच वसईच्या होळी भागातून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि विषय माझ्या आवडीचा निघाला. त्या लिहितात, की बहिणीला जुनी अर्धशिशी. कपाळाला चिकटवायचं यंत्र तिने लावायला घेतलं आणि दुखणं कमी झालं. भाचा म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ. मग फरक पडला तो कशाने? आणि गुडघ्यासाठी आणलेलं करंटचं मशीन घरात पडून आहे, तेच कपाळाला लावलं तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : लावू नका. गुडघ्याच्या टेन्स मशीनच्या पट्ट्या डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला लावायच्या नसतात. कपाळाच्या यंत्राचा करंट भुवईवरच्या नसांच्या मापाने बेतलेला असतो.

आता भाच्याचं म्हणणं. औषधाची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. आपल्याला कुठली मिळाली हे कुणाला कळत नाही. विजेचं तसं नाही. खरा करंट कपाळावर सुरू झाला की मुंग्या येतात, काहींना तर त्या सोसत नाहीत. मग पोकळ वीज बनवायची कशी? या एका प्रश्नावर विजेच्या उपचारांची सगळी विश्वासार्हता उभी आहे.

2013 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला बेल्जियममधल्या शोनेन यांच्या गटाचा कपाळाच्या यंत्रावरचा अभ्यास पाहा. पाच केंद्रं, 67 रुग्ण, रोज 20 मिनिटं, तीन महिने. खऱ्या यंत्रातून सेकंदाला 60 ठोके, करंट 16 मिलिअँपिअरपर्यंत. खोट्यातून सेकंदाला एकच ठोका, तोही जेमतेम 1 मिलिअँपिअरचा. तिसऱ्या महिन्यात अर्धशिशीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले ते खऱ्या गटात 38 टक्के लोकांचे, खोट्या गटात 12 टक्के लोकांचे. मार्च 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या यंत्राला परवानगी दिली. माझ्या मनातली शंका मात्र तेव्हापासून आहे : ज्यांच्या कपाळाला नुसतीच टिकटिक जाणवत होती, त्यांना आपलं यंत्र लुटुपुटूचं आहे हा संशय आलाच नसेल?

टीडीसीएसवाल्यांनी, म्हणजे डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवून मंद, एकाच दिशेचा करंट सोडणाऱ्यांनी, यावर हुशार तोड काढली. खोट्या गटालाही सुरुवातीला खराच करंट द्यायचा आणि अर्ध्या मिनिटाने गुपचूप बंद करायचा. कातडीला चुणचुण मुख्यतः सुरुवातीलाच जाणवते, त्यामुळे फसवणूक खपून जाते. 1 मिलिअँपिअरला खपते. 2 मिलिअँपिअरला लोक ओळखू लागतात, असंही पुढे दिसलं.

याहून गमतीचा निष्कर्ष म्युनिकच्या कारिन माइसनर यांचा, तोही 2013 चाच. अर्धशिशी रोखण्याच्या 79 चाचण्यांमधले फक्त खोटे उपचार त्यांच्या गटाने एकमेकांशी ताडून पाहिले. पोकळ गोळीने 22 टक्के लोकांना चांगला गुण आला, खोट्या अॅक्युपंक्चरने 38 टक्क्यांना, आणि खोट्या शस्त्रक्रियेने 58 टक्क्यांना! उपचाराचा थाट वाढला, तसा गुणही वाढला. म्हणून यंत्राची बरोबरी गोळीशी करून भागत नाही; ती त्याच तोलाच्या खोट्या यंत्राशीच करायला हवी.

आपल्याकडचं उदाहरण लखनौच्या संजय गांधी संस्थेतलं. तिथे मिश्रा आणि कलिता यांच्या गटाने 100 रुग्णांवर चुंबकीय ठोक्यांचा प्रयोग केला. कवटीबाहेरचं चुंबक मेंदूत सूक्ष्म करंट उठवतं. डोकेदुखीची वारंवारता निम्म्याहून खाली गेली ती खऱ्या गटात 78.7 टक्के लोकांची आणि खोट्या गटात 33.3 टक्के लोकांची. बेल्जियमच्या 12 शेजारी हे 33 ठेवा. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, म्हणून थेट वजाबाकी करू नये. पण खोट्यातही डावं-उजवं असतं हा माझा संशय त्याने बळावतो.

आणखी एक गोष्ट भाच्याने लक्षात घ्यावी. अर्धशिशी स्वभावाने चढ-उताराची. दुखणं अगदी शिगेला पोचतं तेव्हाच माणूस यंत्र विकत घेतो, आणि पुढचा महिना यंत्राशिवायही थोडा बरा जाण्याचीच शक्यता असते. म्हणजे बहिणीच्या आरामात यंत्र, विश्वास आणि दुखण्याचा स्वतःचा उतार, तिन्हींचा वाटा असू शकतो. एकट्या बहिणीकडे पाहून तो वेगळा काढता येत नाही. त्यासाठीच तर खोटा गट लागतो.

माझं मत विचाराल तर कपाळाचं यंत्र खोट्यापेक्षा सरस आहे, पण चमत्कार नव्हे. बेल्जियमच्या खऱ्या गटात महिन्याचे सुमारे सात वाईट दिवस पाचावर आले. ज्याचं डोकं दुखतं त्याला हे दोन दिवसही थोडे नाहीत. बहिणीने यंत्र खुशाल चालू ठेवावं. मात्र पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी फुली मारा, गोळी घेतली तर तिथेच टिंब द्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 दिवस, अर्धशिशीच्या ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. तीन महिन्यांच्या फुल्या-टिंबांचं ते कॅलेंडर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, आणि मला कळवायलाही विसरू नका.