एका ॲपवर बंदी येते तेव्हा



शेताला पाणी देताना पाटाचे एक दारे बंद केले, तर पाणी काही थांबून राहत नाही. ते दुसरी वाट धरते. कधी शेजारच्या वाफ्यात शिरते, कधी बांधच फोडते. माणसांच्या करमणुकीचे आणि बातम्यांचेही असेच आहे. एखादे लोकप्रिय साधन सरकारने बंद केले, की लोक पाहणे-ऐकणे सोडत नाहीत. ते दुसरीकडे वळतात. ते कुठे वळतात, त्यात कोणाचा लाभ होतो आणि कोण मागे राहतो, हे आज आपण टिकटॉकच्या उदाहरणावरून पाहू.

आधी हे साधन काय होते ते सांगतो. टिकटॉक हे बाइटडान्स या चिनी कंपनीचे ॲप. त्यावर काही सेकंदांची चित्रफीत घ्यायची, तिला गाणे जोडायचे आणि पाठवून द्यायची. यात नवे काय, असे तुम्ही म्हणाल. नवेपण वाटपात होते. इतर ठिकाणी तुमच्या ओळखीची माणसे तुमचे काम पाहत. इथे यंत्र प्रत्येक चित्रफीत प्रथम थोड्या अनोळखी लोकांना दाखवी. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, तर आणखी लोकांना दाखवी. त्यामुळे ओळखपाळख नसलेला, शहर न पाहिलेला माणूसही एका रात्रीत लाखोंपर्यंत पोहोचू शके. २०१६ साली जिओ सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले होते. बांधावर नाचणारा तरुण, चुलीपुढे बसून गाणारी बाई, बैलगाडीवरचा विनोदवीर, अशी माणसे प्रथमच पडद्यावर दिसू लागली. बंदीच्या वेळी भारतात या ॲपचे सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे सांगितले जात होते.

या ॲपविषयी तक्रारीही होत्या. मुलांच्या हाती अश्लील मजकूर पडतो, धोक्याचे खेळ करून दाखवले जातात, अशा त्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्यावर बंधन आणले आणि त्याच महिन्यात ते उठवलेही. पुढे १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता ही कारणे दिली गेली. जानेवारी २०२१ मध्ये ही बंदी कायम करण्यात आली.

बंदी म्हणजे कोणी घरोघर येऊन फोन तपासत नाही. गुगल आणि ॲपल यांच्या ॲप-दुकानांतून ते ॲप काढले जाते, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या त्याच्याकडे जाणारी वाट अडवतात. फोनवरचे चिन्ह राहते. पण दाबले तर आत काही नाही.

आता खरा प्रश्न. हे २० कोटी लोक गेले कुठे?

पहिल्या काही दिवसांत देशी ॲप्सची सुगी आली. चिंगारी, मित्रों, रोपोसो यांच्याकडे लोक धावले. शेअरचॅटने मोज काढले, डेलीहंटने जोश काढले, टकाटक आले. पण ८ जुलै २०२० रोजी, म्हणजे बंदीनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच प्रथम सुरू केली. या दोघांकडे लोक आधीपासून होते, जाहिरातदार होते आणि पैसाही होता. पुढे टकाटक २०२२ मध्ये मोजमध्ये विलीन झाले. देशी ॲप्सपैकी एकही या दोघांच्या तोडीला पोहोचले नाही. एका परदेशी कंपनीची जागा मुख्यतः दुसऱ्या दोन परदेशी कंपन्यांनी घेतली. मोकळे रान पडले, की पहिले पीक तोच घेतो, ज्याचे बैल आधीच जुंपलेले असतात.

दुसरा परिणाम कलावंतांवर झाला. समजा, एखाद्या गावातल्या मुलीने दोन वर्षे खपून लाखभर प्रेक्षक जोडले. बंदीच्या दिवशी तिला ते दुसऱ्या ॲपवर नेता आले नाहीत. प्रेक्षकांची यादी तिच्या हाती नव्हतीच, ती कंपनीच्या वहीत होती. शहरातल्या, आधीच नावारूपाला आलेल्या मंडळींना इन्स्टाग्राम ठाऊक होते. ती लवकर सावरली. खेड्यातल्या पुष्कळांना मात्र पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला. ज्यांनी चित्रफितींची प्रत स्वतःजवळ ठेवली नव्हती, त्यांचे तर कामही गेले. देशाच्या सुरक्षेचा निर्णय वेगळ्या तराजूत तोलला जातो, हे खरेच. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे.

हे सारे नवीन आहे असे मात्र समजू नका. आपल्या आकाशवाणीच्याच घरातली गोष्ट सांगतो. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला मान मिळावा हा त्यांचा हेतू. चित्रपटगीतांवर मर्यादा आली, निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले! त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम तयार व्हायचा मुंबईत, फिती जायच्या कोलंबोला, आणि ऐकायचे पुन्हा आपलेच लोक. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. श्रोते परत आले ते बंधनाने नव्हे. घरातच चांगले काही मिळू लागले म्हणून.

अमेरिकेतही असेच दिसले. तिथे एप्रिल २०२४ मध्ये टिकटॉकसंबंधी कायदा झाला. चिनी मालकांनी ते विकावे, नाही तर बंद व्हावे, असा त्याचा आशय. १७ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १८ तारखेच्या रात्री ॲप बंद पडले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाले. पण बंदी येणार या धास्तीने त्या आठवड्यात कित्येक अमेरिकन तरुण शियाओहोंगशू नावाच्या दुसऱ्या चिनी ॲपवर गेले! गंमत अशी, की खुद्द चीनमध्ये टिकटॉक मिळत नाही. तिथे त्याच कंपनीचे डोयिन हे वेगळे ॲप चालते.

तर यातून आपण काय घ्यायचे?

गाणाऱ्या, बोलणाऱ्या, शेतीची माहिती देणाऱ्या तरुणांनी सगळे धान्य एकाच कणगीत भरू नये. मूळ चित्रफीत स्वतःजवळ जपावी. दोन-तीन ठिकाणी काम ठेवावे. प्रेक्षकांशी ॲपच्या बाहेरही नाते राखावे: गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, स्थानिक वृत्तपत्र आणि हो, आपली नभोवाणीसुद्धा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. हे मला कोण दाखवत आहे? यातून पैसा कोणाला मिळतो? उद्या हे बंद झाले, तर माझे स्वतःचे काय उरेल? उत्तरे शोधताना मुले भांडतील, वाद घालतील. घालू द्या. एखाद्या बंदीची बातमी येईल तेव्हा नुसते टाळ्या वाजवणारे किंवा नुसते हळहळणारे नागरिक आपल्याला नकोत. कारण विचारणारे आणि परिणाम मोजणारे हवेत.

दारे कधी बंद करायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे. पण पाणी पुढे कोणाच्या शेतात गेले आणि कोणाचा वाफा कोरडा राहिला, हे पाहणे तुमचे आमचे काम आहे.