मशीन किती एचपीचं घ्यावं? आकड्यामागचा हिशेब

रत्नागिरी, दापोली, मुरुडच्या किनाऱ्यावर आपली कितीतरी घरं होडीवर चालतात. होडीला बाहेरून लावायचं मशीन घ्यायचं ठरलं की पहिला सवाल येतो, “किती एचपीचं?” मग शेजाऱ्याने पंधराचं घेतलं म्हणून आपण पंचवीसचं बघतो. दागिने गहाण पडतात, कर्ज निघतं. म्हणून हा आकडा नेमकं काय सांगतो, ते आधी समजून घेऊ.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. त्या हिशेबाने ९.९ एचपीचं मशीन जवळपास ७.४ किलोवॅटचं होतं. आजकाल ही ताकद पंख्याच्या दांड्यावर मोजतात. पण ती मिळते मशीन पूर्ण वेगात फिरत असताना. बऱ्याच फोर-स्ट्रोक मशीनमध्ये हा वेग मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांचा असतो. अर्ध्या थ्रॉटलवर तेवढी ताकद मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. एचपी दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. पाण्यात २५ फूट लांबी असेल तर साधारण ६.७ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या थोडं वर. त्यापुढे जोर लावला तर मागे लाट मोठी उठते, इंधन जळतं, वेग मात्र नावापुरता वाढतो. सपाट तळाची हलकी फायबर होडी पाण्यावर उचलली जाते, तिला जास्त एचपीचा खरा फायदा होतो.

खर्चही बघा. पूर्ण थ्रॉटलवर १० एचपीचं पेट्रोल फोर-स्ट्रोक तासाला सुमारे ४ लिटर पितं, २५ चं ९ ते १० लिटर. हा खर्च रोजचा आहे, मासळी मिळो न मिळो.

सगळ्यात मोठा सवाल जिवाचा. ९.९ चं मशीन ४० किलोच्या आसपास, तर २५ चं ६० किलोच्या आसपास भरतं. मागची फळी तेवढ्या वजनाची आणि जोराची नसेल तर ती तडकते. होडी मागून दबते आणि मागून आलेली लाट आत शिरते. होडीवर जास्तीत जास्त एचपीची पट्टी असेल तर ती ओलांडू नका. पट्टी नसेल तर होडी बांधणाऱ्यालाच विचारा, दुकानदाराला नाही. उलट, फार कमी ताकदही धोक्याचीच. ओहोटीच्या जोरात, समोरून वारा असताना खाडीच्या तोंडाशी होडी पुढे सरकत नाही.

जुनं मशीन कमजोर वाटतंय? नवीन घ्यायच्या आधी पंखा तपासा. नेहमीचं वजन भरून, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि मेकॅनिककडून फेरे मोजून घ्या. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा फेरे कमी भरले तर पंख्याचा पिच जास्त असू शकतो. पिच एक इंच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात. पंखा बदलणं नव्या मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

तेव्हा दुकानात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: होडीची लांबी, भरलेलं वजन आणि रोज किती लांब जायचं. शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा त्यात नको.