लिलावातला भाव आणि मॅटवरचा खेळ

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी गणित मांडलं जातं. कोणी किती कोटी मोजले, कोणाचा संघ कागदावर पहिला, कोणाचा शेवटचा. बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये राहणाऱ्या मराठी घरांत तर हे दुहेरी चालतं, कारण मन पुणेरी पलटणमध्ये असतं आणि गाव बेंगळुरू बुल्सचं. या दोन संघांची अलीकडची कहाणी शेजारी शेजारी ठेवली, की लिलावाबद्दलच्या बऱ्याच समजुती तपासून घेता येतात.

गैरसमज: सर्वांत महाग खेळाडू ज्याच्याकडे, तो संघ जिंकतो.

2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले. लीगच्या इतिहासात तोवर इतकी मोठी बोली लागली नव्हती. पवन खेळलाही चांगला, पण दहाव्या हंगामात टायटन्स गुणतक्त्यात तळाला राहिले. त्याच्या आदल्या वर्षी तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि उरलेला हंगाम बाहेर बसला. तरीही थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. चढायांचा भार उचलला नरेंदर या पदार्पण करणाऱ्या पोराने.

याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. चढाईपटू पकडला गेला की बाहेर बसतो, आणि सोबत्यांनी गुण मिळवून त्याला जिवंत केल्याशिवाय आत येऊ शकत नाही. म्हणजे अडीच कोटींच्या खेळाडूला मॅटवर आणण्याचं काम कमी भावाच्या खेळाडूंकडे असतं. बचाव तर एकट्याचा नसतोच. कोपऱ्यातल्याने घोटा धरला आणि शेजारच्या कव्हरने अर्धा क्षण उशीर केला, तर दोघेही बाद होऊ शकतात. ही जुळणी लिलावाच्या टेबलावर विकत मिळत नाही. ती वर्षानुवर्षं एकत्र सराव करून येते.

गैरसमज: मग घरी घडवलेल्या पोरांवरच जिंकता येतं, महागडी खरेदी म्हणजे पैशाची उधळपट्टी.

हे पुण्याचे चाहते अभिमानाने सांगतात. त्यात बरंच खरं आहे, पण अर्धंच. आठवा हंगाम, डिसेंबर 2021 ते फेब्रुवारी 2022, करोनामुळे प्रेक्षकांविना आणि पूर्णपणे व्हाइटफील्डच्या एका हॉटेलात खेळला गेला. के. आर. पुरमपासून काही किलोमीटरवर हे सगळं चाललं होतं आणि आपण ते टीव्हीवर पाहत होतो. पुण्याकडे तेव्हा नितीन तोमर आणि राहुल चौधरी ही मोठी नावं होती. पण हंगाम पुढे सरकला तशा चढाया नव्या दोघांकडे गेल्या. त्यातला एक श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, दुसरा मोहित गोयत. प्रशिक्षक अनुप कुमार यांनी दाखवलेल्या त्या धाडसाला माझ्या मते हवं तितकं श्रेय मिळालेलं नाही. संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन ही बचावातली जोडीही तेव्हापासूनची.

पुढच्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून 29-33 असा हरला. त्याच्या पुढच्या वर्षी, 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये, हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार अस्लम होता, आणि अंतिम सामन्यात पुण्यासाठी सर्वाधिक गुण मिळवणारा पंकज मोहितेही नवोदित म्हणूनच संघात आलेला. मात्र त्याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता. त्याच्यासाठी पुण्याने 2 कोटी 35 लाख दिले होते आणि त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण त्यानेच मिळवले. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. तेव्हा महाग खेळाडू वाया जातो असं नाही. फक्त बाकीचे सहा जण तयार असावे लागतात. पुण्याने आधी सहा तयार केले, मग सातवा विकत घेतला.

गैरसमज: बोली म्हणजे खेळाडूची गुणवत्ता.

बोली त्या दिवशीची गरज सांगते. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला एकूण 5 कोटींची मर्यादा होती. कोणाच्या थैलीत किती उरले, कोणाला डावा कोपरा हवा, यावर आकडा ठरतो. जो संघाने राखून ठेवला, तो लिलावात येतच नाही. अस्लमला पुण्याने राखलं, म्हणून त्या वर्षीच्या महागड्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शिवाय बोली मागच्या हंगामाकडे पाहून लागते. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने सहाव्या हंगामात यू मुंबासाठी 218 चढाई गुण मिळवले, म्हणून सातव्यात टायटन्सने 1 कोटी 45 लाख दिले. पुढे, व्हाइटफील्डच्याच हंगामात, दुखापतीने त्याला बाहेर बसवलं.

आधी लावलेला भाव पुढे चुकू शकतो, हे इतर खेळांतही दिसतं. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये शाळकरी मुलांना दोन ते पाच तारे देण्याची पद्धत आहे. सर्वाधिक तारे गोळा करणारी महाविद्यालयं खरोखरच जास्त जिंकतात, म्हणजे ती यादी निरर्थक नाही. पण जॉश अॅलन या खेळाडूला शाळा सोडताना एकाही मोठ्या महाविद्यालयाने बोलावलं नव्हतं. पुढे तो 2024 च्या हंगामात एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गैरसमज: खरा हिरा पहिल्या दिवशीच ओळखू येतो.

याचं उत्तर बेंगळुरूकडे आहे, आणि ते बुल्सच्या चाहत्यांना बोचणारं आहे. प्रदीप नरवाल 2015 मध्ये बुल्सकडूनच लीगमध्ये आला. फारसा खेळवला गेला नाही. पुढच्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्याला घेतलं आणि तिथे त्याची डुबकी घराघरांत पोहोचली. सलग तीन विजेतेपदं आली. 2017 च्या एका हंगामात त्याने 369 चढाई गुण मिळवले. 2021 मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी 1 कोटी 65 लाख मोजले, तो तेव्हाचा विक्रम होता. प्रदीपशिवाय उतरलेला पाटणा त्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला, आणि तिथे शादलुई पदार्पण करत होता. 2024 मध्ये बुल्सने प्रदीपला 70 लाखांना परत आणलं आणि अकराव्या हंगामात बुल्स शेवटच्या क्रमांकावर राहिले. 2025 च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली.

पवनच्या बाबतीत मात्र बुल्सना दुसरी संधी मिळाली. तिसऱ्या हंगामात तो इथेच सुरुवात करून गेला, गुजरातमध्ये बाकावर बसला, आणि सहाव्या हंगामात परतला. 5 जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात एकट्याने 22 गुण घेऊन त्याने त्याच गुजरातविरुद्ध बुल्सना विजेते केलं.

गैरसमज: प्रशिक्षकाने फार फरक पडत नाही.

बी. सी. रमेश कर्नाटकचे. बंगाल वॉरियर्सला 2019 मध्ये आणि पुण्याला 2024 मध्ये विजेतेपद मिळालं तेव्हा प्रशिक्षक तेच होते. 2025 मध्ये बुल्सनी त्यांना घरी बोलावलं. आदल्या हंगामात तळाला असलेला संघ त्या वर्षी बाद फेरीत पोहोचला.