मैदानावर कोण येते? क्रीडाविषयक पाहणीची शास्त्रीय पद्धत

गावात क्रीडांगण तयार झाले, त्याचे उद्घाटन झाले, म्हणजे काम पुरे झाले असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्या मैदानावर प्रत्यक्षात कोण खेळते, केव्हा खेळते आणि कोण तेथे फिरकतच नाही, या प्रश्नांची उत्तरे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यात मिळत नाहीत. त्यासाठी सामाजिक शास्त्रांतील संशोधनपद्धतींचा आश्रय घ्यावा लागतो.

या विषयातील एक गाजलेला अभ्यास लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवर झाला. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत. वाहक मात्र तिकिटांसाठी सतत जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. हालचालीमुळेच हे घडले, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. परंतु १९५६ मध्ये याच संशोधकांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा घेर मोठा निघाला. तेव्हा मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाच्या कामाकडे वळली असण्याची शक्यताही विचारात घेणे भाग पडले. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे यावरून ध्यानात येते. शिंप्याच्या मापांची नोंदही संशोधनास उपयोगी पडते, हे आपल्या कार्यालयांतील जुन्या नोंदवह्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रश्नावली हे सर्वांत परिचित साधन होय. आणि चुकाही तेथेच अधिक होतात. “आपण व्यायाम करता काय?” असे विचारल्यास भातलावणी करणारी, दुरून पाणी आणणारी स्त्री “नाही” असेच सांगेल. तिच्या श्रमाची नोंद होणार नाही आणि अहवालात ती निष्क्रिय ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सोळा प्रश्नांच्या प्रश्नावलीत म्हणूनच काम, प्रवास आणि फावल्या वेळातील खेळ यांविषयी स्वतंत्रपणे विचारले जाते, आणि बसून घालविलेल्या वेळाचीही नोंद होते. तरीही उत्तरे आठवणीवर अवलंबून असतात, आणि अधिकाऱ्यासमोर माणूस आपली हालचाल थोडी वाढवूनच सांगतो.

यावर उपाय प्रत्यक्ष निरीक्षणाचा. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘सोपार्क’ पद्धतीत निरीक्षक मैदानाच्या ठरवून दिलेल्या भागावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नजर फिरवितो आणि स्त्री-पुरुष, अंदाजे वयोगट, तसेच बसलेले, चालणारे व जोमाने खेळणारे यांची मोजदाद करतो. वेळा आधी ठरविलेल्या असाव्यात. केवळ रविवारी सकाळी मोजणी केल्यास क्रिकेटच्या गर्दीलाच गाव समजण्याचा धोका राहतो. शिक्षकांना हे काम थोड्या सरावाने जमण्यासारखे आहे.

मुली मैदानावर नाहीत, एवढे मोजणीतून कळते. का नाहीत, हे कळत नाही. स्वच्छतागृह नाही, सायंकाळी दिवा नाही, घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, की मोठ्या मुलांनी जागा व्यापलेली असते, हे त्यांच्याशी बोलूनच समजते. अशी चर्चा मुलींच्या लहान गटात, शक्यतो स्त्री कार्यकर्तीने घ्यावी. मुख्याध्यापक किंवा सरपंच तेथे उपस्थित नसावेत. त्यांच्यासमोर सर्व सोयी उत्तम असल्याचेच ऐकावयास मिळते. पालकांची संमती व मुलींचा होकार आधी घ्यावा, आणि टिपणात कोणाचेही नाव लिहू नये.