मानसशास्त्राची बडोद्यातली पानं

• आरंभ : १८७९, लाइपझिग, विल्हेल्म वुंट यांची प्रयोगशाळा. भारतात पहिला विभाग कलकत्ता विद्यापीठात, १९१६.

• बुद्धिमापन : बिने-सिमॉन चाचणी, पॅरिस, १९०५. मराठी व कन्नड मुलांसाठी ती बेतली व्ही. व्ही. कामत यांनी.

• महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदा : स्थापना १९४९. मानसशास्त्र इथे शिक्षणशास्त्राच्या विद्याशाखेत.

• प्रमिला फाटक : याच विद्यापीठाच्या बालविकास विभागात काम. बुद्धी मोजण्यासाठी मुलाला कागद-पेन्सिल देऊन माणसाचं चित्र काढायला सांगायचं. चित्र देखणं आहे का, हे पाहायचं नाही. मान, बोटं, कपडे असे तपशील मोजायचे. मूळ चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ यांची, १९२६. भारतीय मुलांसाठीची श्रेणी फाटक यांची.

• तान्ही बाळं : नॅन्सी बेली यांच्या बाळांचा विकास मोजणाऱ्या श्रेणीवरून फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांसाठी मानके काढली (१९७०). त्यातूनच पुढे बडोदा विकास चाळणी चाचणी. वय ३० महिन्यांपर्यंत. ५४ बाबी, २२ हालचालींच्या, ३२ बौद्धिक.

• गल्लत नको : चाचणी म्हणजे प्रश्न वा कृती. मानके म्हणजे त्या वयाची मुलं साधारणपणे काय करू शकतात, याचा तक्ता. चाळणी चाचणी निदान करत नाही. पुढची तपासणी कुणाची करायची, एवढंच सांगते.