इजारदाराची गच्छंती

सुरत-धुळे महामार्ग मुंबई-अहमदाबाद रस्त्याला जेथे मिळतो त्या कडोदऱ्याच्या चौकात, कापडगिरण्यांत राबणाऱ्या खानदेशी मंडळींमुळे, आज मराठी सहज कानी पडते. परंतु हे गाव ज्या पलसाणा तालुक्यात मोडते तो एके काळी गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होता, आणि तेथील साराफाळ्याचे व न्यायाचे हुकूम बडोद्याच्या मराठी दरबारातून सुटत, याची जाण त्या गर्दीत थोड्यांनाच असेल.

१८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत होईपर्यंत महालाचा वसूल इजाऱ्याने देण्याची वहिवाट होती. इजारदाराने दरबारचा ठरला आकडा भरावा आणि पुढे रयतेकडून साधेल तेवढे उपटावे; हिशेब विचारणारा कोणी नाही आणि दाद मागावी तर कोणापाशी, हा प्रश्न. त्रावणकोर व इंदूर येथील राज्यकारभारात मुरलेले सर टी. माधवराव दिवाण होऊन आले, तेव्हा कवळाण्याहून दत्तक आणलेले सयाजीराव अज्ञान होते. माधवरावांनी इजारे मोडले, प्रांतावर सुभा आणि तालुक्यावर पगारी वहिवाटदार बसवला, न्यायकचेऱ्या उभारल्या. माझ्या मते बडोद्याची खरी राज्यक्रांती ती हीच, मागाहूनच्या कीर्तिमान सुधारणा तिच्याच पायावर चढल्या.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अधिकारसूत्रे हाती आल्यावर सयाजीरावांनी आपले एके काळचे शिक्षक एलियट यांच्याकडे जमिनीची मोजणी व आकारणी सोपवली. नवसारीकडे गायकवाडी व इंग्रजी मुलूख असा एकमेकांत गुंतलेला, की बांधापलीकडचा दर काय हे कुणब्याला कोणी सांगावे लागत नसे. सुधारणेची निकड जितकी महाराजांच्या सदिच्छेत होती तितकीच या शेजारातही असावी. पण लाच नियमाच्या आडूनही शिरते: एलियट रजेवर असता १८९४ मध्ये त्यांच्याच खात्यातील बापट यांच्यावर लाचलुचपतीचा खटला उभा राहिला, आणि त्यांच्या बचावासाठी पुण्याहून टिळक धावले.

पुढे ग्रामपंचायती आल्या, १९०६ च्या सुमारास सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू झाले. मात्र लहानमोठी प्रकरणे मंजुरीसाठी हुजूरपर्यंत चढत, महाराज प्रकृतीसाठी युरोपात असले तर कागदही समुद्र ओलांडत. इजारदार गेला, पण त्याच्या जागी आलेल्या वहिवाटदाराला स्वतःच्या बुद्धीने निकाल द्यावयास दरबार फारसा राजी नव्हता. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पलसाण्याची दफ्तरे सुरतेच्या जिल्हाधिकाऱ्याकडे गेली.