चार चाकं असूनही एटीव्ही उलटते कशी? हिवाळी सहलीला निघण्याआधी हे वाचा

थंडी पडली की नवी मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या सहली ठरू लागतात. वाशी, नेरुळ, खारघरहून निघालेल्या गाड्या वडखळमार्गे अलिबागकडे जातात, नाहीतर एक्स्प्रेस वेने लोणावळ्याकडे. नागावचा किनारा असो की लोणावळ्याच्या आसपासचं माळरान, तिथे पर्यटकांसाठी जाड टायरच्या एटीव्ही उभ्या असतात. ज्यांचा बेत लांबचा, त्यांना त्या मनालीजवळच्या सोलंगमध्ये भेटतात. दहा मिनिटांची फेरी, एक रील आणि पुढे चला, असा बहुतेकांचा हिशोब असतो. 'चार चाकं आहेत, पडणार कशी?' असं अनेकांना वाटतं. घोटाळा इथेच होतो.

एटीव्ही म्हणजे नेमकं काय?

एटीव्ही म्हणजे ऑल-टेरेन व्हेईकल. काही जण तिला क्वाड बाईकही म्हणतात. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत तीन चाकांची एटीव्ही आणली. ती फार उलटायची. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये सरकारसोबत झालेल्या समझोत्यानुसार बड्या कंपन्यांनी तिथे नव्या तीनचाकी एटीव्ही विकणं थांबवलं. तोवर चारचाकी मॉडेल्स बाजारात आली होती. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, पण संपला नाही.

मग ती उलटते का?

पहिलं कारण म्हणजे तिची ठेवण. गाडी उंच, चाकांमधलं अंतर कमी आणि त्यावर माणूस बसलेला. म्हणजे वजनाचा मध्य बराच वर जातो. दुसरं कारण मागच्या चाकांत आहे. कार वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं. अनेक साध्या एटीव्हींमध्ये मात्र मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात आणि सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे गाडी वळायला कुरकुरते आणि सरळ जाऊ पाहते. चालवणाऱ्याने आपलं वजन वळणाच्या आतल्या बाजूला टाकलं तरच ती नीट वळते. थोडक्यात, एटीव्हीचा तोल चालवणाऱ्याच्या अंगावर अवलंबून असतो.

म्हणूनच मागे मित्र किंवा पुढे मूल बसवणं धोक्याचं. एकासाठी बनवलेल्या गाडीवर दोघं बसले की चालवणाऱ्याला अंग हलवायला जागाच उरत नाही. शिवाय या गाडीचं वजन दीडशे ते तीनशे किलोपर्यंत असू शकतं. ती अंगावर आली तर छाती दबून श्वास कोंडू शकतो.

स्कूटर चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा

दुचाकीची सवय इथे अंगाशी येते. तोल जातोय असं वाटलं की दुचाकीस्वार पाय जमिनीला टेकवतो. एटीव्हीवर असं केलं तर मागचं चाक पायावरून जाऊ शकतं. पाय कायम फूटरेस्टवरच हवेत.

दुसरी गोष्ट वेग देण्याची. बहुतेक एटीव्हींमध्ये वेग अंगठ्याने खटका दाबून दिला जातो. घाबरून हँडल घट्ट आवळलं की अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या ऐवजी गाडी सुसाट सुटते. त्यामुळे बसण्याआधी ब्रेक कुठे आहे आणि इंजिन बंद करायचं बटण कोणतं, हे विचारून स्वतः दाबून बघा.

थंडीत वेगळी काळजी काय?

- मफलर, शाल, ओढणी आणि मोकळे केस आधी आवरा. ते चाकात किंवा साखळीत अडकले तर गळ्याला फास बसू शकतो. ऊब हवी असेल तर अंगाला बसणारं जॅकेट घाला.
- गारठलेल्या बोटांना ब्रेक पटकन दाबता येत नाही. हातमोजे घाला, पण फार जाड नकोत.
- डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेवटची फेरी त्याआधी संपवा. अंधुक उजेडात भरतीच्या पाण्याने कापलेले ओहोळ आणि मुलांनी खणलेले खड्डे दिसत नाहीत.
- माळरानावर सकाळी धुकं आणि दवाने ओलं झालेलं गवत असतं. ऊन पडेपर्यंत थांबा. उतारावर आडवी गाडी घालू नका.
- बर्फावर ब्रेक मारल्यावरही गाडी घसरत जाते. वेग आधीच कमी ठेवा आणि ब्रेक हळूहळू दाबा.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, मापाचं आणि पट्टा बांधलेलं असावं. भाड्याचं हेल्मेट तुटकं असेल तर घरचं वापरा. बंद बूट आणि पूर्ण पँटही हवी.

मुलांना चालवू द्यावी का?

अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग १६ वर्षांखालील मुलांना मोठ्यांची एटीव्ही चालवू देऊ नका, असं सांगतो. मुलांकडे गाडी सावरण्याइतकं वजनही नसतं आणि अंदाजही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी अशी गाडी चालवता येत नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवण्यासही हाच कायदा मनाई करतो. भाड्याच्या एटीव्हीला नंबर प्लेट नसेल तर ती रस्त्यावर नेऊ नका. कुणाला धडक बसली तर विम्याचा आधारही बहुधा नसेल. अनेक वैयक्तिक अपघात पॉलिसी साहसी खेळांतली दुखापत वगळतात, त्यामुळे आपली पॉलिसीही एकदा वाचून घ्या.

पैसे देण्याआधी काय बघाल?

ब्रेक लागतात का, टायर नीट आहेत का, फेरीचा मार्ग गर्दीपासून वेगळा आहे का, हे बघा. चालवायचं कसं हे न सांगता थेट किल्ली हातात देणाऱ्याकडे फेरी घेऊ नका. दारू प्यायलेल्याने तर गाडीला हातही लावू नये. मोबाइल खिशात ठेवा. रील हवं असेल तर बाजूला उभ्या असलेल्याला काढू द्या.

अपघात झालाच तर?

आधी इंजिन बंद करा. गाडी अंगावर असेल तर चार-पाच जणांनी मिळून ती उचला, ओढू नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला हलवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही काढू नका. लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा. पडल्यावर माणूस उठून चालू लागला तरी पोट किंवा छाती दुखत असेल, उलटी होत असेल किंवा झापड येत असेल तर त्याला रुग्णालयात न्याच. आतल्या दुखापती काही तासांनीही जाणवू शकतात.